पाठीवरची स्टेपनी

(सकाळ. चाळकेवाडीचं पठार. धुक्यात पवनचक्कीची पाती दिसतात, पुन्हा नाहीशी होतात.)

साताऱ्याहून सज्जनगडाचा फाटा मागं टाकला, ठोसेघर ओलांडलं, की चढ संपतो आणि चाळकेवाडी लागते. पवनचक्क्यांचं अवजड सामान वर आणायला जे कच्चे रस्ते काढले, ते अजून पठारभर पसरलेले आहेत. वर मुरूम, मधूनच डोकं काढलेला जांभा, आणि पावसाळ्यात किती खोल ते न सांगणारे डबरे. गाडीवाल्यांना इथं यायचा मोह होतो तो यासाठीच.

(मागचं डावं चाक. टायरच्या बाजूला चार बोटं लांब चीर.)

ही जिप्सी सव्वासात वाजता बसली. पंक्चर असतं तर किट गाडीत होतं. टोच्या फिरवायचा, चिकट वादी आत खुपसायची, पंपानं हवा भरायची, की निघालो. पण वादी धरते ती टायर जमिनीला टेकतो तेवढ्याच भागात. जांभ्याच्या धारेनं इथं टायरची कूस फाडली आहे, म्हणजे साईडवॉल. गाडी चालताना हा भाग प्रत्येक फेऱ्यात दबतो आणि उलगडतो, तिथं ठिगळ टिकत नाही. आता आसरा एकच, मागच्या दारावर टांगलेला.

(जुनं काळं-पांढरं चित्र: दिवसाढवळ्या रिकामी गल्ली, एक दुकान.)

आपण त्याला स्टेपनी म्हणतो. हा शब्द वेल्समधल्या लनेथ्ली गावच्या एका गल्लीचा. १९०४ साली तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस भावांनी जोडचाक बनवलं. त्याला ना आरे, ना तुंबा. चाक न काढता पंक्चर झालेल्या चाकाच्याच कडेला ते आवळायचं आणि पुढं जायचं. जोडचाक कधीच मोडीत निघालं. गल्लीचं नाव मात्र आपल्याकडच्या प्रत्येक गॅरेजात रोज घेतलं जातं.

शहरातल्या गाडीला आता स्टेपनी लागतेच असं नाही. टायर ट्यूबलेस असतील, हवा कमी झाल्याचं सांगणारी यंत्रणा असेल आणि पंक्चरचं किट असेल, तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना २०२० साली केंद्र सरकारनं सूट दिली. काही गाड्यांत सायकलच्या थोरल्या भावासारखी बारीक स्टेपनी येते, तिच्यावर ताशी ८० किलोमीटर लिहिलेलं असतं. गॅरेजपर्यंत पोचायला ती ठीक. मुरमात ती रुतून बसेल.

(जॅक मुरमात खचतो. कुणीतरी फळी आणून सारतो.)

फळी विसरू नका. हे सांगायला सबंध दृश्य खर्ची घालणार नाही.

स्टेपनी खाली उतरली. वर धूळ, पण ग्रिप कोरी. मालक खूश. मग त्यानं ती फाटक्या टायरशेजारी उभी केली, आणि आम्ही सगळेच गप्प झालो. स्टेपनी बुटकी होती.

हा घोळ फार घरांत आहे. गाडी घेतली, वर्षभरात हौस आली, चारही टायर मोठे बसवले. पाचवा कशाला? तो मागं टांगलेलाच तर असतो! या जिप्सीचे मूळ टायर २०५/७० आर १५. चाकावर आता आहेत २१५/७५ आर १५. हिशेब कागदावर करून बघा. २०५ मिलीमीटर रुंदी, तिच्या ७० टक्के कुशीची उंची, ती दुप्पट, त्यात १५ इंची डिस्कचे ३८१ मिलीमीटर. बेरीज ६६८. नव्याची येते ७०३. फरक साडेतीन सेंटीमीटर. डोळ्यांना किरकोळ वाटतो, पण छोटं चाक किलोमीटरमागे २४ फेरे जास्त घेतं. इथून साताऱ्यापर्यंतचं अंतर ३५ किलोमीटर धरा, तर आठशेवर फेरे झाले. एवढं जादा फिरणं दोन चाकांच्या मधला डिफरन्शियल मुकाट्यानं सोसतो. तो वळणावर सोसायला बनवलाय, घरापर्यंत सरळ रस्त्यावर नव्हे.

(गिअरशेजारची छोटी दांडी. हात तिच्यावर, पण हलवत नाही.)

फोर बाय फोर टाकल्यावर, म्हणजे चारही चाकांना जोर दिल्यावर, दुखणं वाढतं. जिप्सीत पुढचा आणि मागचा दांडा तेव्हा एकमेकांना बांधले जातात. पुढं एक गती, मागं दुसरी, आणि मधल्या गिअरपेटीत पीळ भरत जातो. चिखलात चाक घसरतं तेव्हा तो पीळ सुटतो, म्हणून तिथं चालून जातं. डांबरावर सुटायला वाट नाही. दांडी अडकते, चाकं ओरडतात, आणि पुढं मेकॅनिकचं बिल.

मग आज काय केलं? फाटला होता मागचा टायर. पण बुटकी स्टेपनी मागं लावली नाही. पुढचं डावं चाक काढून मागं नेलं, स्टेपनी पुढं बसवली. टू व्हीलमध्ये जोर मागच्या चाकांवर असतो, म्हणून मागची जोडी सारखी हवी. एकाच्या जागी दोन चाकं खोलावी लागली, पन्नास मिनिटं गेली, एकाचं बोट चेंगरलं. चिखल संपेपर्यंत फोर बाय फोर, डांबर लागताच दांडी परत.

(ठोसेघरच्या रस्त्यानं खाली. गाडी किंचित एका बाजूला ओढ घेते.)

याच जांभ्याचं पुढचं पठार कासचं. २०१२ पासून जागतिक वारशात. टायर कितीही चांगला असो, तिथं गाडी रस्त्याखाली उतरवायची नाही. सांगावं लागतं, म्हणून सांगितलं.

(सातारा. महामार्गाजवळचं टायरचं दुकान. दारात टायरांची चळत.)

दुकानदार वयस्कर. त्यानं ओल्या फडक्यानं स्टेपनीची कूस पुसली, बोट ठेवलं आणि चार आकडे वाचले. ३२१४.

“सायेब, ह्ये टायर कोरं हाय, पर म्हातारं हाय.”

पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २०१४ सालचा बत्तिसावा आठवडा, म्हणजे ऑगस्ट. टायर न चालता दारावर लटकला, दहाहून जास्त उन्हाळे पाठ शेकत राहिला. बोटानं कूस वाकवली तर बारीक भेगांची जाळी उघडते. बहुतेक कंपन्या पाच वर्षांनंतर दरसाल तपासणी सांगतात आणि दहानंतर बदलायला, ग्रिप शाबूत असली तरी.

मालकाचा पहिला प्रश्न, “एकच नवा घेऊ का?” दुसरा, “जुना चांगलासा मिळेल?”

जुन्याला दुकानदारानं मानही हलवली नाही. एकट्या नव्यातही अडचण आहे. चालून झिजलेले टायर आणि कोरा टायर यांच्या ग्रिपमध्ये चार मिलीमीटरचा फरक असेल, तर व्यासात आठाचा येतो. त्यानं सुचवलं ते मला पटलं. दोन नवे घ्या, जोडीनं मागं लावा. उरलेल्या तीन जुन्यांतले दोन पुढं, तिसरा पाठीवर. पुढच्या खेपेला पाचही एकदम घ्या आणि आठ-दहा हजार किलोमीटरला पाचांची अदलाबदल करा, म्हणजे पाचवाही त्यांच्याबरोबरच झिजेल. फक्त टायरवर फिरायच्या दिशेचा बाण असेल तर हा फेरा बिघडतो. असा पाचवा एकाच बाजूला सरळ बसतो.

(पाना. नट. डिस्कची भोकं जवळून.)

मग त्यानं एक गोष्ट विचारली जी आमच्या डोक्यातही नव्हती. चाकांना अलॉय, आणि स्टेपनीची डिस्क लोखंडी? नट एकच आहेत का? अलॉयच्या नटाची बैठक वेगळी असू शकते. तो लोखंडी डिस्कवर आवळलेला वाटतो आणि वाटेत सैल होतो. रानात कळण्यापेक्षा अंगणात एकदा स्टेपनी चढवून बघावी. आकाराइतकाच वजनाचा आकडाही बघावा. कुशीवर ९७ असेल तर तो टायर ७३० किलो पेलतो. चार टायरांना ९७ आणि पाचव्याला त्याहून कमी, असं नको.

फार जाड, फार खोल ग्रिपचा टायर दारावर टांगायची हौस असेल, तर आधी दाराच्या बिजागऱ्या बघा. जिप्सीचं दार आताच खडखडतं.

स्टेपनीत हवा थोडी जास्तच ठेवा. कमी करायला काडी पुरते, भरायला पंप लागतो.

(संध्याकाळ. बिल झालं. जुनी स्टेपनी दुकानाबाहेर पडून.)

मालक म्हणाला, “ही ठेवा इथंच, मला काय करायची.” पोऱ्यानं ती उचलून वडाच्या फांदीला टांगली, पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा आणला आणि काळ्या कुशीवर मोठ्या अक्षरांत लिहायला घेतलं: पंक्चर.

“च ला र कुठं लावायचा वं?” त्यानं विचारलं.