टोनी फोर्ड: ९३१ सामने

श्रोतेहो, नमस्कार.

शनिवार-रविवारी रात्री जागून इंग्लिश फुटबॉलची प्रीमियर लीग बघणारे आता आपल्याकडे गल्लोगल्ली सापडतात. आर्सेनल, लिव्हरपूलचे अकराच्या अकरा खेळाडू शाळकरी पोरांना पाठ असतात. मी आज ज्याच्याबद्दल बोलणार आहे तो खेळाडू इंग्लंडच्या सर्वांत वरच्या डिव्हिजनमध्ये एकदाही खेळला नाही. तरीसुद्धा इंग्लिश लीगमध्ये, म्हणजे वरच्या चार डिव्हिजन मिळून, त्याच्याहून जास्त सामने खेळलेला माणूस एकच, पीटर शिल्टन. आणि शिल्टन गोलकीपर होता. मैदानभर धावणाऱ्या खेळाडूंत पहिलं नाव येतं टोनी फोर्डचं. लीगचे सामने ९३१.

हा आकडा जरा उलगडून बघू. खालच्या डिव्हिजनमध्ये चोवीस क्लब असतात, म्हणजे हंगामाला ४६ सामने. एकही सामना न चुकवता, न आजारी पडता, न दुखापत होता कुणी खेळत राहिला, तरी त्याला ९३१ गाठायला वीसहून जास्त हंगाम लागतील. फोर्डला सव्वीस वर्षं लागली.

फोर्डचा जन्म १९५९ सालचा, ग्रिम्सबीचा. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे मासेमारीचं बंदर. तिथल्या क्लबचं मैदान ब्लंडेल पार्क, तेही खरं तर शेजारच्या क्लीथॉर्प्स गावात. हंबर नदीच्या मुखाशी अगदी लागून. हिवाळ्यात समुद्रावरून येणारा वारा तिथे अंग गोठवतो. ऑक्टोबर १९७५ मध्ये फोर्ड ग्रिम्सबीकडून पहिल्यांदा मैदानात उतरला, तेव्हा त्याला सोळावं संपून जेमतेम पाच महिने झाले होते. तेव्हा संघाला एकच राखीव खेळाडू ठेवायची मुभा होती आणि फोर्ड त्या दिवशी तोच एकटा राखीव होता.

तो कृष्णवर्णीय होता, हे इथे सांगायलाच हवं. त्या काळी इंग्लंडच्या मैदानांवर काळ्या खेळाडूच्या पायात चेंडू आला की प्रेक्षकांतून माकडाचे आवाज निघायचे, केळी फेकली जायची. इंग्लंडच्या मुख्य संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, व्हिव्ह अँडरसन, आला तो १९७८ च्या नोव्हेंबरात. फोर्ड त्याच्या तीन वर्षं आधीपासून, दर आठवड्याला, अशा मैदानांवर खेळत होता. दर आठवड्याला, याकडे माझं लक्ष पुन्हा पुन्हा जातं. मोठ्या खेळाडूंच्या धैर्याबद्दल आपण खूप वाचतो. छोट्या गावातल्या, छोट्या मैदानावरच्या माणसाच्या बाजूने बोलायला तेव्हा ना कॅमेरा होता ना वर्तमानपत्राची चौकट.

ग्रिम्सबीने १९७९ मध्ये चौथ्या डिव्हिजनमधून बढती मिळवली आणि लगेच पुढच्या वर्षी तिसरी डिव्हिजन जिंकली. फोर्ड तेव्हा उजव्या बगलेवरून धावणारा विंगर होता. अकरा वर्षं तिथे काढून, मध्ये थोडे दिवस सुंदरलँडकडे लोनवर, म्हणजे उसना खेळाडू म्हणून, जाऊन, १९८६ मध्ये तो स्टोक सिटीत गेला, १९८९ मध्ये वेस्ट ब्रॉमविच अल्बियनमध्ये. त्याच वर्षी त्याला इंग्लंडच्या ‘बी’, म्हणजे दुसऱ्या फळीच्या, संघात बोलावणं आलं. तेव्हा तो तीस वर्षांचा होता. सर्वोच्च पातळीच्या सगळ्यांत जवळ तो पोचला तो इथवरच.

मग उतार लागतो. पुन्हा ग्रिम्सबी, काही सामने ब्रॅडफर्डकडे लोनवर, नंतर स्कनथॉर्प. १९९६ मध्ये तर तो बॅरोकडे, म्हणजे थेट लीगच्या बाहेर गेला. वय सदतीस. या वयात खालच्या डिव्हिजनचा खेळाडू एकेका वर्षाच्या करारावर असतो. करार संपला की मे महिन्यात फोनची वाट बघायची. दुखापत झाली तर फोन येतच नाही. बहुतेकांची कहाणी इथे संपते आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो.

फोर्डला फोन आला, तो स्टीव्ह पार्किनकडून. पार्किन स्टोकमध्ये त्याचा सहखेळाडू, वेस्ट ब्रॉमविचमध्येही. आता तो मॅन्सफील्ड टाउनचा मॅनेजर झाला होता. एका ड्रेसिंग रूममध्ये वर्षानुवर्षं शेजारी बसलेल्या माणसाला ठाऊक असतं, सरावाला वेळेवर कोण येतं, हरल्यावर कोण गप्प बसतं, कोण दुसऱ्यावर ढकलतं. असा दाखला कुठल्याच आकडेवारीत सापडत नाही. पार्किनने जुन्या मित्रावर उपकार केले असं कुणाला वाटेल, पण मला ते पटत नाही. मॅनेजरची नोकरी निकालावर टिकते. मैत्रीखातर कुणी शंभर सामने कुणाला खेळवत नाही. मॅन्सफील्डकडून फोर्ड लीगचे १०३ सामने खेळला.

त्यासाठी त्याने खेळ बदलला. विंगरला पाय हवेत, वेग हवा. वेग ओसरू लागला तसा तो मागे, राइट बॅकच्या, म्हणजे उजवीकडच्या बचावपटूच्या जागी आला. पुढून कोणता विंगर काय करणार, हे त्याला आधी कळायचं, कारण तो स्वतः वर्षानुवर्षं तेच करत आला होता. विशीतल्या पोराला धावून गाठायचं नाही, त्याच्या आधी जागेवर उभं राहायचं. मला त्याच्या कारकिर्दीतला हा भाग सगळ्यांत सुंदर वाटतो.

१९९८-९९ च्या हंगामात, मॅन्सफील्डकडूनच, त्याने गोलकीपर सोडून इतर खेळाडूंतला, टेरी पेनचा ८२४ सामन्यांचा विक्रम मागे टाकला. पुढे पार्किन रॉचडेलला गेला, फोर्डही त्याच्यासोबत गेला. चाळिशी उलटलेला माणूस रॉचडेलहून बसने प्लिमथला, चारशे किलोमीटरच्या वर, सामना खेळायला जायचा. पुन्हा मंगळवारी रात्री दुसरा सामना. राणीकडून त्याला एमबीई हा किताबही मिळाला.

नोव्हेंबर २००१ मध्ये पार्किनला बार्न्सलीने बोलावलं, दोन डिव्हिजन वर. सोबत सहायक म्हणून फोर्डला नेलं. म्हणून, आणि केवळ म्हणून, हंगामाच्या मध्यावर, बेचाळिसाव्या वर्षी त्याचं खेळणं थांबलं. तोवर रॉचडेलच्या संघात त्याची जागा पक्की होती.

नमस्कार.