अर्ज घेतला की पोच द्या

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते सरकारी कार्यालयात नव्यानं रुजू होणाऱ्या, किंवा होऊ पाहणाऱ्या मुलामुलींशी. आईवडिलांनीही ऐकावं.

2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला महिना 6 हजार, पदवीधराला 10 हजार विद्यावेतन. त्यातलाच एक मुलगा आमच्या तहसीलात आला. त्याला निराधार योजनेचं टेबल दिलं. सहा गठ्ठा पद्धत समजावली: हातावरची प्रकरणं एका गठ्ठ्यात, कुणाच्या उत्तराची वाट पाहणारी दुसऱ्यात, असे सहा.

एक दिवस एक आजी खिडकीशी आल्या. अर्ज करून कितीतरी महिने झालेले. प्रकरण सापडलं प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात, वर शेरा: ‘वयाचा दाखला अप्राप्त’. आजी म्हणाल्या, “दिला की रे बाळा!” आणि पिशवीतून चार घड्या घातलेला कागद काढला. पोच! शिक्का, तारीख, आवक क्रमांक, सगळं जागच्या जागी. पोरगं तडक बारनिशीत, म्हणजे टपाल घेऊन नोंदवतात त्या विभागात गेलं. आवक नोंदवही उघडली, क्रमांकावर बोट ठेवून ओळ आडवी वाचत गेलं. दाखला भलत्याच टेबलाला मार्क झाला होता, आणि तिथल्या गठ्ठ्यातून टाचणीसकट निघाला. संध्याकाळपर्यंत टिपणी लिहून त्यानं प्रकरण नायब तहसीलदारांपुढं ठेवलं. योजनेच्या समितीच्या पुढच्या बैठकीत आजींचं अनुदान मंजूर झालं.

म्हणून सांगतो, अर्ज घेतला की क्रमांक टाका, पोच द्या. परत सांगतो, क्रमांक टाका, पोच द्या.

2005 चा विलंब प्रतिबंधाचा कायदा म्हणतो, फाइल एका टेबलावर सहसा 7 कामकाजाच्या दिवसांहून जास्त राहू नये. आता तारीखच नोंदली नाही, तर दिवस मोजणार कुठून? 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात तर विनाकारण उशीर करणाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड आहे. अभ्यासिकेत ही कलमं पोरांना तोंडपाठ असतात. आवक नोंदवही मात्र कुणी पाहिलेली नसते.

आणि हो, अक्षर! टंकलेखनाचं प्रमाणपत्र असू द्या, पण नोंदवहीतलं अक्षर दुसऱ्याला वाचता यायला हवं. शाळांनी शुद्धलेखनाची वही बंद करू नये, हे माझं ठाम मत आहे. सुंदर अक्षराच्या स्पर्धाही पुन्हा भरवाव्यात.

कॉलेजांना माझी विनंती आहे, शेवटच्या वर्षाच्या मुलांना आठवडाभर तरी तहसीलात, ग्रामपंचायतीत बसवा. अर्ज घ्यायचा, क्रमांक टाकायचा, पोच द्यायची. एवढंच करू द्या.

टिपणी कशी लिहावी, ते पुढच्या भागात. नमस्कार.