सॅक जरा पुढे घेता का?

(कॅमेऱ्याकडे पाठ. पाठीवर गच्च भरलेली सॅक. गर्रकन वळतो. सॅकचा धक्का लागून टेबलावरचा पेला पडतो.)

बघितलंत? मला पत्तासुद्धा नाही! भरलेल्या बसमध्ये या पेल्याच्या जागी कुणाचं तरी नाक असतं. आणि सॅकवाला तसा सज्जनच असतो, फक्त त्याच्या पाठीला डोळे नसतात.

मोबाइलवर मोठ्यानं बोलणाऱ्यांना मात्र मी इतक्या सहज सोडणार नाही. शेजारी दोघं गप्पा मारत असले तर आपल्याला डुलकी लागते. तेवढ्याच आवाजात एकजण फोनवर बोलायला लागला, की झोप उडते. असं का? कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना लक्ष देऊन करायचं काम दिलं आणि त्यांच्या कानावर कधी पूर्ण संभाषण घातलं, कधी एकाच बाजूचं. २०१० साली हा अभ्यास छापून आला. अर्धंच बोलणं ऐकताना लोकांचं काम जास्त बिघडलं होतं. ‘हो... छे!... काय सांगतोस?’ पलीकडचा काय म्हणाला असेल, हे मेंदू आपल्याला न विचारता जुळवत बसतो. त्यामुळे तुम्ही भोचक नाही, निश्चिंत राहा.

दार अडवणाऱ्यांचा हिशेब वेगळा. आतले उतरायच्या आधीच बाहेरचे घुसले, की गाडी रेंगाळते. तोवर पुढच्या थांब्यावर आणखी माणसं जमतात, तिथे आणखी वेळ जातो, आणि मागची गाडी अर्धी रिकामी येऊन हिला चिकटते. तासभर बस नाही आणि मग दोन एकदम, त्यामागे हेही एक कारण.

बरं, मग आपण बोलत का नाही?

स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत आपले विद्यार्थी सोडले. धडधाकट पोरांनी बसलेल्या माणसाला नुसतं विचारायचं, ‘तुमची जागा मला देता का?’ ५६ टक्के लोक चक्क उठले! आणखी १२ टक्के सरकले. मग सोबत कारण जोडलं: ‘उभ्यानं पुस्तक वाचता येत नाही.’ तर जागा देणारे ४२ टक्क्यांवर आले. माझा अंदाज असा, की फुसकं कारण ऐकलं की ‘नाही’ म्हणायला बळ येतं.

गंमत पुढे आहे. मिलग्रॅम स्वतः विचारायला गेले, तर शब्द घशातच अडकले. जागा मिळाल्यावर इतकं ओशाळल्यासारखं झालं, की आजारी माणसासारखी मान खाली घालून बसले.

म्हणजे अवघड आहे ते आपलं तोंड उघडणं. ‘सॅक जरा पुढे घेता का?’ बास. ‘लोकांना अक्कलच नाही’ हे पुढचं वाक्य गिळायचं. आणि दारू पिऊन अंगावर येणाऱ्यावर हा प्रयोग नको हं, तिथे सरळ वाहकाला हाक मारा.

(मागून आवाज: ‘ती सॅक उतरवतोस का आता?’)

हो, हो. उतरवतो.