मघाशी तुम्ही काय सांगत होतात?

नमस्कार, श्रोतेहो.

डॉक्टर आणि नवा पेशंट पहिल्यांदा समोरासमोर बसतात, त्या पहिल्या दहा-पंधरा मिनिटांबद्दल आज बोलायचं आहे. आम्ही त्याला 'हिस्ट्री घेणं' म्हणतो. काय होतंय, केव्हापासून होतंय, कशानं वाढतं, कशानं उतरतं, आधी कोणते आजार झाले, घरात कोणाला काय आहे, औषधं कोणती चालू आहेत, ॲलर्जी कशाची आहे. हे प्रश्न तुम्हालाही पाठ असतील. त्यांच्यावर वेळ घालवत नाही. मला बोलायचं आहे ते या प्रश्नांच्याही आधीच्या एका वाक्याबद्दल. पेशंट खुर्चीत टेकतो आणि पहिलं वाक्य बोलतो, त्या वाक्याबद्दल.

ते वाक्य पूर्ण होऊ द्यायचं. मध्ये तोडायचं नाही.

हे मला एका बाईंनी शिकवलं. त्यांची गोष्ट सांगतो.

वय साठीच्या पुढे, शाळेतून निवृत्त झालेल्या. सोबत मुलगा, त्याच्या हातात रिपोर्टांची जाड फाइल. तीन महिन्यांत चार वेळा बाई चक्कर येऊन पडल्या होत्या. चौथ्या वेळी कपाळाला खोक पडली, टाके घालावे लागले. मेंदूचा स्कॅन झाला होता, रक्ताच्या तपासण्या झाल्या होत्या, आणि नाडी फार मंद चालते म्हणून पेसमेकर बसवण्याची गोष्ट निघाली होती. तो बसवण्याआधी आणखी एका डॉक्टरचं मत घ्यावं, म्हणून ते माझ्याकडे आले होते.

बाई बसल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, मी सकाळी माझं सगळं आवरून..."

मी विचारलं, "किती वेळा चक्कर आली?"

बाहेर माणसं खोळंबली होती. फाइल जाड होती. मला वाटलं, नेमके प्रश्न विचारले की लवकर उलगडा होईल. मग मी विचारत गेलो आणि मुलगा उत्तरं देत गेला. डायबेटिस? नाही. ब्लडप्रेशर? नाही. दमा? नाही. छातीत दुखतं? नाही. काही गोळ्या चालू आहेत? नाही, आई एकही गोळी घेत नाही. बाईंनीही मान हलवली. एकही नाही. मी केसपेपरवर लिहिलं, औषधं नाहीत. आणि त्या शब्दांखाली रेघ मारली.

मनगट हातात घेतलं. मिनिटाला बेचाळीस ठोके. एका लयीत, पण बेचाळीस. ईसीजी काढायला सांगितला. यंत्रातला कागदाचा रोल नेमका तेव्हाच संपला. सिस्टर नवा रोल आणायला गेल्या. मुलगा फोन आला म्हणून बाहेर गेला. खोलीत आम्ही दोघंच उरलो, आणि माझे प्रश्न संपले होते.

म्हणून मी म्हणालो, "बाई, मघाशी तुम्ही काहीतरी सांगत होतात. सकाळी सगळं आवरून... पुढे काय?"

त्या जरा पुढे सरकल्या. "हो, तेच सांगत होते. सकाळी सगळं आवरून, डोळ्यांत थेंब घालून, आरशासमोर केस विंचरायला उभी राहते ना, तेव्हाच होतं बघा. चारही वेळा तेव्हाच झालं."

मी म्हणालो, "थेंब कसे घालता, दाखवा बरं."

त्यांनी मान मागे टाकली, डाव्या हाताच्या बोटानं खालची पापणी ओढली आणि उजव्या हाताची चिमूट डोळ्यावर धरली. एक थेंब. मग थोडं थांबून आणखी एक. "पहिला नीट गेला नसेल असं वाटतं, म्हणून दुसरा घालते," त्या म्हणाल्या. मग दुसरा डोळा. मग त्यांनी पापण्यांची भराभर उघडझाप केली आणि आवंढा गिळला. "घशात कडू लागतं हो नंतर."

घशात कडू लागतं. श्रोतेहो, सगळं उत्तर त्या कडू चवीत होतं.

डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाच्या बाजूला, एक बारीक नळी असते. अश्रू तिच्यातून नाकात उतरतात. थेंबाचं औषधही त्याच वाटेनं नाकात जातं आणि तिथून सरळ रक्तात. गिळलेल्या गोळीतलं औषध आधी यकृतातून जातं, तिथे त्याचा बराच भाग मोडला जातो. थेंबांच्या वाटेवर ही चाळणी नाही. बाईंना चार महिन्यांपूर्वी काचबिंदूचं निदान झालं होतं आणि टिमोलॉल नावाचे थेंब चालू झाले होते. टिमोलॉल डोळ्यातला दाब उतरवतं, पण ते ज्या गटातलं औषध आहे, त्या गटाच्या गोळ्या आम्ही हृदयाचे ठोके कमी करायला देतो. त्यात बाई प्रत्येक वेळी दुप्पट थेंब घालत होत्या. मग आरशासमोर उभ्या, दोन्ही हात वर, आणि डोळ्यांपुढे अंधारी.

मी विचारलं होतं गोळ्यांबद्दल. बाईंनी गोळ्यांबद्दल खरं तेच उत्तर दिलं होतं. थेंब म्हणजे गोळी नव्हे. त्यांच्या लेखी ते डोळ्यांचं होतं, चकरेशी त्याचा काय संबंध? पण संबंध त्या स्वतःच सांगत होत्या, पहिल्याच वाक्यात. मी ते वाक्य तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला तोडलं होतं.

त्यांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना मी तिथूनच फोन लावला. त्यांनी टिमोलॉल बंद करून दुसऱ्या गटातले थेंब दिले. हे मुद्दाम सांगतो, कारण काचबिंदूचे थेंब आपल्या मनानं कधीही थांबवायचे नाहीत. दाब वाढला तर डोळ्याची नस सुकते आणि गेलेली नजर परत येत नाही. आठवड्यानं बाई आल्या तेव्हा ठोके अडुसष्ट होते. पेसमेकरचा विषय तिथेच थांबला. केसपेपरवरची ती रेघ मारलेली ओळ मी त्यांच्यादेखत खोडली आणि दुरुस्त करून लिहिली.

तर पहिलं वाक्य पूर्ण होऊ द्यायचं. पुन्हा सांगतो, पहिलं वाक्य पूर्ण होऊ द्यायचं.

डॉक्टर म्हणतात, बोलू दिलं तर पेशंट थांबणारच नाही. असं होत नाही. 1984 मध्ये अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी 74 भेटींचं ध्वनिमुद्रण ऐकून पाहिलं. पेशंट बोलायला लागल्यावर सरासरी अठराव्या सेकंदाला डॉक्टर मध्ये बोलत होते. आणि 2002 साली स्वित्झर्लंडमध्ये उलट बाजूनं पाहिलं गेलं. डॉक्टरांनी गप्प बसायचं आणि पेशंट आपणहून केव्हा थांबतो ते मोजायचं. सरासरी निघाली 92 सेकंद. दीड मिनिट! जवळजवळ ऐंशी टक्के माणसं दोन मिनिटांच्या आत थांबली होती.

एक जुना अभ्यास मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. 1975 साली ब्रिटनमध्ये हॅम्प्टन आणि सहकाऱ्यांनी बाह्यरुग्ण विभागातले 80 नवे पेशंट घेतले. नुसती सोबतची चिठ्ठी वाचून आणि हिस्ट्री घेऊन जे निदान केलं, ते 66 जणांच्या बाबतीत शेवटपर्यंत टिकलं. आज आपल्याकडे तेव्हापेक्षा कितीतरी चांगल्या तपासण्या आहेत, आणि मी त्या करतो. पण कोणती तपासणी करायची, हे पेशंटच्या बोलण्यातूनच कळतं.

खुर्चीबद्दलही मला एक सांगायचं आहे. पेशंटची खुर्ची टेबलापलीकडे, डॉक्टरच्या समोर ठेवू नये. टेबलाच्या कोपऱ्याला लागून ठेवावी, म्हणजे दोघांत लाकडाची भिंत राहत नाही आणि पेशंटला हवं तेव्हा खिडकीकडे पाहता येतं. अवघड गोष्टी माणूस खिडकीकडे पाहून सांगतो. आणि टोकन नंबर पुकारू नयेत, नावानं हाक मारावी. माणूस दुखणं घेऊन आलेला असतो, त्याला सत्तावीस नंबर म्हणून आत बोलावणं मला कधीच पटलेलं नाही. नाव कसं उच्चारायचं कळत नसेल तर विचारावं. तोच पहिला प्रश्न होतो आणि त्याचं उत्तर प्रत्येकाला येतं.

सोबत आलेल्या नातेवाइकांना एक विनंती. तुम्ही काळजीपोटी उत्तरं देता, हे मला कळतं. चक्कर येऊन पडलेल्या माणसाला मधलं काही आठवत नसतं, तिथे तर तुमचंच सांगणं मोलाचं असतं. पण आधी त्यांना बोलू द्या. आणि डॉक्टरांनी दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगितलं तर वाईट वाटून घेऊ नका. मुलासमोर आई सांगत नाही, नवऱ्यासमोर बायको सांगत नाही, अशा गोष्टी दवाखान्यात रोज असतात.

शेवटचा प्रश्नही पहिल्या वाक्याइतकाच जपून विचारावा. 2007 मध्ये अमेरिकेत हेरिटेज आणि सहकाऱ्यांनी डॉक्टरांना एक शब्द बदलायला लावला. आणखी 'एनिथिंग' सांगायचं आहे का, याऐवजी आणखी 'समथिंग' सांगायचं आहे का. एवढ्या बदलानं, सांगायच्या राहून जाणाऱ्या तक्रारी 78 टक्क्यांनी कमी झाल्या. आपल्या मराठीत "अजून काही नाही ना?" असं विचारलं की पेशंट "नाही" म्हणून उठतो. मी विचारतो, "अजून काय सांगायचं राहिलंय?" आणि मग पेन खाली ठेवून थांबतो.

नव्या डॉक्टरकडे जाताना तुम्ही एक करा. घरात जे जे अंगाला लावता, पोटात घेता, नाकात ओढता, डोळ्यांत किंवा कानांत घालता, ते सगळं एका पिशवीत घालून घेऊन या. गोळ्या, पातळ औषधं, मलम, चूर्ण, पंप, झोपेसाठी कोणीतरी दिलेली अर्धी स्ट्रिप, थेंबांची बाटली. यातलं औषध कोणतं आणि नाही कोणतं, हे घरी ठरवू नका. पिशवी टेबलावर ठेवा आणि एकेक वस्तू बाहेर काढून, ती केव्हा आणि कशी घेता ते दाखवा.

नमस्कार.