'सावळाच' मधला च

नमस्कार मंडळी! मसालेभाताचा वास मलाही येतोय, त्यामुळे फार वेळ घेत नाही. यंदा गायिका माणिक वर्मांची जन्मशताब्दी, जन्म १६ मे १९२६ चा, म्हणून कमिटीनं फर्मान काढलं की तू बोल, तुझ्याकडे त्यांच्या कॅसेटी आहेत. कॅसेटी आहेत, प्लेअर बिघडलाय, असो.

पुण्यात माझ्या आजीकडे मर्फीचा रेडिओ होता. बटण फिरवलं की आधी नुसता दिवा लागायचा, व्हॉल्व्ह गरम होईपर्यंत आवाज नाही, आणि तेवढ्यात आजी सगळ्यांना दटावणार, "गप्प बसा रे, माणिक दादरकर गातेय!" त्यांचं लग्न होऊन वर्मा झाल्या, चार मुली झाल्या (राणी वर्मा, वंदना गुप्ते, भारती आचरेकर, अरुणा जयप्रकाश, माहितीयेत ना सगळ्या?), तरी आजीसाठी दादरकरच.

तालीम किराणा घराण्याची, सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकरांकडे. आता किराणा म्हणजे एकेक सूर निवांत लावायचा, ख्याल अर्धा-पाऊण तास सहज चालणार. आणि तेव्हाच्या रेकॉर्डची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपायची, त्यातच मुखडा, अंतरे, मधलं म्युझिक सगळं बसवायचं! ख्यालवाल्यांनी भावगीतं गावीत का म्हणून नाकं मुरडणारे तेव्हाही होते, आजही आहेत, आपल्या मंडळातसुद्धा आहेत, मी कोणाकडे बघत नाहीये. माणिकताईंनी ख्याल सोडला नाही, ठुमरी, नाट्यगीत, अभंग, भावगीत सगळं गायल्या. पण मला विचाराल तर खरा कस भावगीतात, तिथं तान मारून सुटता येत नाही.

गदिमांनी लिहिलेलं आणि बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी, चाल लावलेलं 'सावळाच रंग तुझा' घ्या. पहिल्याच शब्दातला तो 'च'. आपल्या रविवारच्या शाळेतली पोरं तो चहातला च म्हणतात आणि मी दर वेळी ओरडते, अरे चमच्यातला! माणिकताई त्याच्यावर जोर देत नाहीत, नुसत्या टेकतात आणि पुढे जातात, आणि तेवढ्यात कळतं की बाईंना दुसरा रंग नकोच आहे.

केसकर नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली, लोक रेडिओ सिलोन लावायला लागले. पण त्यात आपल्या भावगीतांचं फावलं असं माझं मत. मग १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावर गीतरामायण, दर आठवड्याला नवं गाणं, एकूण ५६, त्या गायकांतही माणिकताई होत्याच.

टीव्ही मुंबईत १९७२ ला आला, आम्हाला पुण्यात सिंहगडाच्या टॉवरवरून वर्षभरानं दिसायला लागला. शेजारी सतरंजीवर दाटीवाटीनं बसून आजीनं पहिल्यांदा माणिकताईंना गाताना बघितलं. ना हातवारे, ना तोंड वेडंवाकडं. आजी चकित, "अगं, ही तर भाजी निवडत बसल्यासारखी गातेय!" आजीच्या तोंडून याहून मोठी तारीफ मी ऐकलेली नाही. १९७४ ला पद्मश्री मिळाली तेव्हा पेढे आमच्या घरी वाटले, संबंध काही नसताना.

१९९६ मध्ये माणिकताई गेल्या. आजी त्याआधीच.

बास, आता मुलं गाणार आहेत. तबला लागला का? पोरांनो, च कुठला?

चमच्यातला. हां, करा सुरू.