ढगाने गिळलेला गंधक

[दृश्य: जहाजाच्या डेकवर पाण्याच्या बाटल्यांची चौकट वर येते]

समुद्राच्या ओळखीच्या वासात डायमिथाइल सल्फाइडचा, म्हणजेच डीएमएसचा, मोठा वाटा आहे. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींपासून तो तयार होतो. या वायूच्या रूपाने जगातले समुद्र दरवर्षी सुमारे २ कोटी ७० लाख टन गंधक हवेत सोडतात.

[दृश्य: हातमोजे, काचेची बाटली, नळीतले बुडबुडे]

पाण्यातला डीएमएस मोजायचा, तर बाटली काठोकाठ भरायची. झाकणाखाली हवा राहिली, की डीएमएस पाणी सोडून तिच्यात जातो. गाळताना पंपाचा जोर लावला तर पेशी फुटतात आणि आकडा फुगतो. म्हणून पाणी आपल्याच वजनाने गळू द्यायचं. मग नमुन्यात नायट्रोजन सोडून वायू बाहेर काढायचा, द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेल्या नळीत तो गोठवायचा आणि नळी तापवून गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये, म्हणजे वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात, सोडायचा. खुल्या समुद्रात बहुधा लिटरमागे दोन-तीन नॅनोमोल मिळतात (मोल हे रेणू मोजण्याचं एकक, नॅनो म्हणजे त्याचा अब्जावा भाग). वातावरणाच्या संगणकी मॉडेलचा पाया या बाटलीत आहे.

[दृश्य: जगाचा नकाशा, महिन्यागणिक बदलणारे रंग]

अशा नोंदी जमवून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २०२२ मध्ये डीएमएसचा महिनावार जागतिक नकाशा प्रसिद्ध झाला. हवेत किती वायू जातो हे काढायला त्याला वाऱ्याची जोड द्यावी लागते. पाण्यात २ नॅनोमोल आणि वारा सेकंदाला ८ मीटर असेल, तर चौरस मीटरमागे दिवसाला साधारण ८ मायक्रोमोल (मोलचे दशलक्षांश) बाहेर पडतात. वारा दुप्पट झाला, की उत्सर्जन साडेतीन पटींच्याही वर जातं. महिन्याची सरासरी वापरली तर वादळी दिवस तिच्यात बुडतात आणि उत्सर्जन कमी दिसतं. तासातासाचा वारा घ्यायला हवा.

[दृश्य: विमानाच्या खिडकीतून ढगांचा थर]

हवेत दिवसा हायड्रॉक्सिल आणि रात्री नायट्रेट हे रॅडिकल, म्हणजे झटकन अभिक्रिया करणारे रेणू, डीएमएसवर तुटून पडतात. घन सेंटिमीटरमध्ये दहा लाख हायड्रॉक्सिल रेणू असले, तर डीएमएस जेमतेम दोन दिवस टिकतो. अनेक जागतिक मॉडेल्स हे सगळं तीन अभिक्रियांत उरकत आली: शेवटी बहुतेक सल्फर डायऑक्साइड. डीएमएसपासून मधल्या टप्प्यात बनणारा पेरॉक्सी रॅडिकल हिशेबातच नव्हता.

स्वच्छ सागरी हवेत हा रॅडिकल आपल्याच रेणूतला हायड्रोजन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरकवतो. त्यातून एचपीएमटीएफ (हायड्रोपेरॉक्सीमिथाइल थायोफॉर्मेट) हा गंधक असलेला रेणू बनतो. गणिताने तो २०१५ मध्ये सुचवला होता. नासाच्या डीसी-८ विमानाला एटॉम या वातावरण पाहणीच्या मोहिमेत तो प्रत्यक्ष सापडला आणि २०२० मध्ये ते प्रसिद्ध झालं. जहाजाच्या धुरात मात्र नायट्रिक ऑक्साइड अब्जात एक भाग झाला, तरी रॅडिकल बव्हंशी त्याच्याशीच अभिक्रिया करतो.

[दृश्य: विमान ढगात शिरतं, पडद्यावर आलेख कोसळतो]

ढगात शिरताच एचपीएमटीएफ जवळजवळ नाहीसा होतो. थेंब तो ओढून घेतात, गंधक तिथेच सल्फेट होतं. सल्फर डायऑक्साइड कमी बनतो, ढगांचे थेंब ज्यांच्यावर बनतात असे नवे कण कमी जन्मतात, आणि ढगांच्या शुभ्रतेचा हिशेब बदलतो.

[दृश्य: प्रयोगशाळेतली लांब काचनळी]

हायड्रोजन सरकण्याचा वेग वेगवेगळ्या प्रयोगांत सेकंदाला ०.०४ पासून ०.२ च्या आसपासपर्यंत आला आहे, आणि थंडीत तो झपाट्याने घटतो. तेव्हा एकाच आकड्यावर विसंबू नये. मॉडेल दोन्ही टोकांना चालवावं आणि दोन्ही उत्तरं छापावीत.