सिगारीला गुण देण्याआधी

माझे बालपण निपाणीत गेले. घरामागे तंबाखूची वखार होती, आणि दुपारी वारा फिरला की तिथला खकाणा उडून आमच्या स्वयंपाकघरात येई व आई शिंकून हैराण होई. त्यामुळे तंबाखू ही हौसेने पारखण्याची वस्तू असू शकते, हे चाळिशी उलटेपर्यंत माझ्या मनातही आले नव्हते. नोकरीनिमित्त फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात आलो, तेव्हा ते बदलले. विसेंते मार्तिनेस ईबोर यांनी १८८६ साली इथे सिगारींचा कारखाना काढला आणि त्याभोवती ईबोर सिटी ही वस्ती उभी राहिली. सिगारी वळणाऱ्यांना मोठ्याने वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या वाचून दाखवणारा एक वाचक, ‘लेक्तोर’, कारखान्यात असे. त्याचा पगार कामगार आपल्या खिशातून देत. १९३१ साली मालकांनी ही प्रथा मोडली. पुढे १९६२ मध्ये अमेरिकेने क्यूबाशी व्यापार बंद केला आणि टॅम्पाला मिळणारे क्यूबाचे पान थांबले.

या गावात राहून सिगार न ओढणे मला जमले नाही. आठवड्याला एक, तीही जेवणानंतर आणि धूर छातीत न घेता, हे पथ्य मी आजवर पाळले आहे. अर्थात तोंडाच्या कर्करोगाचा धोका त्याने टळत नाही. तो जाणूनच मी ओढतो, आणि माझे ऐकून कोणी सुरुवात करावी अशी माझी मुळीच इच्छा नाही.

सिगार पारखायची म्हणजे आधी तिची रचना समजून घ्यावी लागते. पोटात आखूड-लांब पानांचा भरणा, त्याला आवळणारे बांधणीचे पान, आणि सर्वांवर चढवलेले नितळ, शिरा न दिसणारे वेष्टनाचे पान. झाडाच्या शेंड्याकडची पाने ऊन खाऊन जाड व तिखट झालेली असतात. त्यांना ‘लिहेरो’ म्हणतात. ती सावकाश जळतात, म्हणून कारागीर त्यांना बरोबर मध्यभागी बसवतो. तिथे हात चुकला, तर सिगार एका अंगाने भराभर जळते आणि दुसऱ्या अंगाला हिरमुसल्यासारखी मागे राहते. जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. पन्नास मापाची ‘रोबुस्तो’ आकाराची सिगार जवळजवळ वीस मिलिमीटर जाड भरते. बारीक सिगारीत भरण्याच्या मानाने वेष्टनाचा वाटा जास्त असल्याने, वेष्टनाची चव ओळखायला मी बारीकच निवडतो.

चवींची इंग्रजी यादी मी सुरुवातीला पाठ केली होती. चामडे, ओक, एस्प्रेसो वगैरे. ती माझ्या जिभेला कधी लागू पडली नाही. कनेटिकट वेष्टनाच्या सौम्य सिगारीत मला स्वच्छ वाळलेल्या कडब्याचा वास येतो. जास्त काळ आंबवलेल्या, काळपट ‘मादुरो’ पानात काकवी असते. निकाराग्वातल्या एस्तेलीच्या सिगारीचा धूर नाकावाटे सोडला की पहिल्या तृतीयांशात काळे मिरे डोळ्यांत पाणी आणते. हे शब्द माझ्या नोंदींच्या वहीत आले, तेव्हाच ती वही माझी झाली.

१९९२ साली निघालेल्या ‘सिगार अफिसिओनादो’ या अमेरिकी नियतकालिकाने सिगारींना शंभरपैकी गुण देण्याची रीत रूढ केली. मीही तीच उचलली. एकदा टोरांटोला गेलो असता, तिथे राजरोस मिळणारी क्यूबाची ‘मोंतेक्रिस्तो नंबर दोन’ हातात आली. टोक निमुळते, लांबी १५६ मिलिमीटर. वहीत तिला चौऱ्याण्णव गुण आहेत. आज प्रामाणिकपणे सांगतो, त्यांतले निदान नव्वद मी काडी ओढण्याआधीच, सिगारीवरची नावाची कागदी पट्टी वाचून देऊन बसलो होतो.

याहून मोठी फजिती माझ्या पेटीने केली. सिगारी ठेवण्याची पेटी ‘स्पॅनिश सीडर’ची असते. नावावरून देवदार वाटतो, पण ते आपल्या कडुनिंबाच्या कुळातले लाकूड आहे. आत आर्द्रता पासष्ट ते सत्तर टक्के हवी. माझा मापक कायम एकोणसत्तर दाखवी, आणि तरीही वर्षभर माझ्या वहीत एकच तक्रार होती: झुरका घट्ट, जळण वाकडे, शेवट कडवट. मी कारागिरांना नावे ठेवीत गेलो. अखेर एका जाणत्या गृहस्थांनी विचारले, ‘मापक तपासलात का?’ बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्यायचे, ओलसर होण्यापुरते पाण्याचे थेंब टाकायचे, आणि झाकण व मापक हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवायचे. ओल्या मिठावरची बंदिस्त हवा पंच्याहत्तर टक्क्यांवर स्थिरावते, हा निसर्गाचाच नियम आहे. सकाळी माझा मापक अडुसष्ट दाखवीत होता. म्हणजे एकोणसत्तर समजून मी वर्षभर शहात्तर टक्के ओलीत सिगारी भिजवत होतो. फुगलेल्या पानांतून धूर कसा यावा? त्या वर्षाची सत्तेचाळीस पाने मी वहीत तशीच ठेवली आहेत, फक्त प्रत्येकावर आडवी रेघ मारून.

मापक बदलल्यावर मी पारखणाऱ्याचीही परीक्षा घ्यायचे ठरवले. एका मित्राने पट्ट्या काढून, आकड्यांच्या चिठ्ठ्या लावून पाच सिगारी दिल्या. पाच आठवड्यांत त्या संपवल्या. दुसरीला मी एक्क्याण्णव दिले: ‘भाजके खोबरे, शेवटी किंचित जायफळ.’ पाचवीला चौऱ्याऐंशी: ‘सपाट, कोरडी, लवकर कंटाळवाणी.’ मित्राने निकाल उघडला, तेव्हा दोन्ही एकाच खोक्यातल्या, शेजारी-शेजारी ठेवलेल्या निघाल्या. हाताने वळलेल्या दोन सिगारी हुबेहूब नसतात, हे खरे, पण सात गुणांचा फरक त्यावर ढकलणे माझ्या जिवावर आले. वहीत मागे पाहिले. दुसरी मी वरणभात खाऊन तासाभराने ओढली होती. पाचवीच्या दिवशी आमच्याकडे पाहुण्यांसाठी झणझणीत मिसळ होती, आणि मी तर्रीची वाटी दोनदा भरून घेतली होती.

आता वहीत गुणांच्या आधी दोन रकाने आहेत: मिठाची चाचणी शेवटची कधी केली, आणि आज काय जेवलो.